खडबडीत जमिनीवर फोर्कलिफ्ट वळवताना: नव्या ऑपरेटरसाठी पायरीपायरीने

गोदामातल्या सपाट काँक्रीटवर हात बसलेला ऑपरेटर पहिल्यांदा कच्च्या जमिनीवरच्या मशीनवर चढतो, तेव्हा त्याला एकच प्रश्न पडतो: हे एवढं मोठं धूड वळणार कसं? वळतं, आणि चांगलं वळतं. चारही चाकं फिरतात, मशीन खेकड्यासारखं तिरकं सरकतं, एका अंगाला कललेली चासी, म्हणजे मशीनचा सांगाडा, लिव्हर दाबला की सरळ होते. पण यातली प्रत्येक सोय वजनाची जागा हलवते. म्हणून या लेखात मी सोयी सांगताना प्रत्येक वेळी ती काय देते आणि बदल्यात काय घेते, हेही सांगणार आहे. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी वजन आत्ता कुठे आहे आणि वळल्यावर कुठे जाईल, हे डोळ्यांसमोर आणायची सवय लागली की बाकीचं सगळं सोपं होतं.

मशीन कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

कच्च्या जमिनीच्या फोर्कलिफ्ट मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीला गोदामातल्यासारखाच उभा मास्ट, म्हणजे ज्यावर फोर्क वर-खाली होतात तो खांब, असतो, फक्त चाकं मोठी, टायर खोल नक्षीचे आणि पोट जमिनीपासून बरंच वर. दुसरा प्रकार म्हणजे टेलिहँडलर. त्याला मास्ट नसतो, आतून बाहेर सरकणारा लांब हात, म्हणजे बूम, असतो.

उभ्या मास्टच्या मशीनचा स्वभाव समजायला तिचा जन्म माहीत असलेला बरा. 1958 मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो यांनी ट्रॅक्टर उलटा वापरायची कल्पना लढवली. ड्रायव्हरचं तोंड फिरवलं, मास्ट मोठ्या चालक चाकांच्या बाजूला बसवला आणि वळणारी लहान चाकं मागे गेली. मानिटू कंपनीची कच्च्या जमिनीवरची फोर्कलिफ्ट त्यातूनच आली. हे चित्र डोक्यात ठेवा: वजन पेलणारी आणि ओढणारी चाकं पुढे, वळणारी चाकं मागे.

कार चालवणाऱ्याचा हात नेमका इथे फसतो. मागच्या चाकांनी वळणारं मशीन डावीकडे वळवलं की मागचा भाग उजवीकडे झोकात बाहेर जातो. म्हणून कोपऱ्यावर कारसारखा बाहेरून मोठा फेरा घ्यायचा नाही. आतल्या कोपऱ्याला धरून जायचं, पुढचं चाक कोपऱ्याशी आलं की मग स्टिअरिंग फिरवायचं, आणि बाहेरच्या बाजूला मागच्या भागासाठी जागा राखायची. शिकत असताना मी एकदा विटांच्या थप्पीशेजारून मशीन काढत होतो. नजर पुढे फोर्कवर होती, आणि मागे काउंटरवेटने, म्हणजे तोल राखायला मागे बसवलेल्या वजनाने, थप्पीचा अख्खा कोपरा पाडला. तिथे त्या वेळी कुणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. तेव्हापासून मागचे दोन्ही कोपरे बघितल्याशिवाय मी वळत नाही, पुढे कितीही मोकळं रान असलं तरी.

काही मशीन कमरेत वळतात, म्हणजे पुढची आणि मागची चासी मधल्या सांध्यात मोडते. यांचा फेरा लहान असतो, पण वळताना पुढचा माल मागच्या चासीच्या रेषेतून बाजूला जातो. सरळ उभं असताना पेललेलं वजन पूर्ण वळलेल्या अवस्थेत जड होऊ शकतं. त्यामुळे क्षमता कुठल्या अवस्थेसाठी दिली आहे, ते लोड चार्टवर, म्हणजे मशीन कधी किती वजन पेलेल ते सांगणाऱ्या तक्त्यावर, वाचूनच घ्या.

चालू करायच्या आधी पायी फिरा

ज्या वाटेने माल न्यायचा ती वाट आधी पायी चाला. नुकताच टाकलेला भराव, डबकं, पाइप टाकून बुजवलेला चर, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, दडून बसलेला दगड. बुटाची टाच जिथे सहज रुतते तिथे भरलेलं मशीन रुतणार हे नक्की. उघड्या खड्ड्याच्या कडेपासून निदान खड्डा जितका खोल तितकं अंतर ठेवा, माती भुसभुशीत असेल तर त्याहून जास्त. कड ढासळते ती चाकाखालून, आणि केबिनमधून ती दिसत नाही.

मग टायर. कच्च्या जमिनीवर टायर हा मशीनचा पाया असतो. एका बाजूच्या टायरात हवा कमी असेल तर मशीन सपाट जागेवरही तिकडे झुकतं, आणि बूम वर गेल्यावर तो झुकाव वाढतच जातो. काही टायरांत हवेऐवजी फोम भरलेला असतो. तो पंक्चर होत नाही, शिवाय खालच्या अंगाला वजन देतो. पण ज्या मशीनचा लोड चार्ट फोमच्या टायरांवर काढलेला आहे, त्याला हवेचे टायर लावले की तो चार्ट लागू राहत नाही. टायरची अदलाबदल म्हणूनच निर्मात्याच्या मंजुरीशिवाय करायची नसते. नक्षीत घट्ट बसलेला चिखलही काढून टाका. खाचा भरल्या की खोल नक्षीचा टायर गुळगुळीत टायरसारखाच घसरतो.

माहितीपत्रकात वळणाची त्रिज्या दिलेली असते. ती बऱ्याचदा बाहेरच्या टायरपर्यंतच मोजलेली असते. फोर्क, आणि फोर्कवर आडवे ठेवलेले लांब पाइप, त्या वर्तुळाच्या बाहेर फिरतात. तेव्हा वाट मोजताना मालाचं टोक मोजा.

वळण्याच्या तीन पद्धती

बहुतेक टेलिहँडलरमध्ये वळण्याच्या तीन पद्धती निवडता येतात. त्या समजून घ्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओलसर माती. मशीन रिकामं ठेवा, अगदी हळू एक वळण घ्या, उतरा आणि चाकांच्या खुणा बघा.

पहिली पद्धत दोन चाकांची. टेलिहँडलरमध्ये बहुधा पुढची चाकं वळतात, मागची सरळ राहतात. मातीवर चार वेगळ्या खुणा दिसतील, मागची चाकं पुढच्यांच्या आतून गेलेली. म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला खांब किंवा चर असेल तर पुढचं चाक सुटलं तरी मागचं जाऊन अडकेल. वेगात जायचं असेल, रस्त्यावरून न्यायचं असेल, तर हीच पद्धत. मशीन सरळ रेषेत सगळ्यात स्थिर या अवस्थेत राहतं.

दुसरी चार चाकांची. पुढची एका दिशेला, मागची उलट दिशेला. इथे मातीवर दोनच खुणा दिसतात, कारण मागचं चाक पुढच्याच्याच खुणेवरून जातं. अरुंद जागेत हा फार मोठा फायदा आहे: पुढची चाकं गेली तिथून मागची जाणारच. शिवाय चिखलात मागच्या चाकांना नवी वाट फोडावी लागत नाही, आधीच दबलेल्या मातीवरून ती जातात.

आता ही पद्धत काय घेते ते बघा. वळताना मशीनला बाहेर ढकलणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी 5 किलोमीटरऐवजी 10 किलोमीटर वेग ठेवला की ते बल दुप्पट होत नाही, चौपट होतं. आणि वेग तोच ठेवून फेऱ्याची त्रिज्या निम्मी केली तर बल दुप्पट. चार चाकांनी फेरा लहान होतो, म्हणजे दोन चाकांवर ज्या वेगात सुखाने वळलात तोच वेग इथे धोक्याचा ठरतो. माझा नियम साधा आहे: चार चाकं निवडली की चालण्याच्या वेगापेक्षा जास्त वेग नाही. आणखी एक गोष्ट, या पद्धतीत मागचा भागही बाहेर झोका घेतो. भिंतीला लागून उभं असलेलं मशीन चार चाकांवर भिंतीपासून दूर वळवायला गेलात तर मागचा कोपरा भिंतीवर घासेल.

त्यासाठीच तिसरी, खेकड्याची चाल. चारही चाकं एकाच दिशेला वळतात आणि मशीनचं तोंड न फिरता ते तिरकं सरकतं. भिंतीजवळून बाहेर पडायला, चराच्या कडेने समांतर जाताना थोडं लांब व्हायला, किंवा माल अगदी समोर आला आहे पण हातभर बाजूला आहे अशा वेळी हिच्यासारखी सोय नाही. नवे लोक ही चाल फारशी वापरत नाहीत आणि पुढे-मागे दहा वेळा करत बसतात. दोनदा तिरकं घेतलं की काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा: तिरकं जाताना तुम्ही ज्या दिशेला सरकताय ती तुमच्या समोरची दिशा नसते. बऱ्याच टेलिहँडलरमध्ये केबिन डावीकडे आणि बूम उजवीकडे असतो, त्यामुळे उजवीकडचं बरंच काही झाकलेलं राहतं. उजवीकडे तिरकं जायचं असेल तर आरसे, कॅमेरा बघा आणि तरीही खात्री नसेल तर सिग्नल देणारा माणूस उभा करा.

पद्धत बदलतानाचा क्रम चुकवू नका. मशीन पूर्ण थांबवा. ज्या पद्धतीत आहात तिच्यातच मागची चाकं सरळ करा, मग दोन चाकांच्या पद्धतीवर या, पुढची चाकं सरळ करा, आणि त्यानंतर नवी पद्धत निवडा. काही मशीनमध्ये चाकं सरळ आल्यावर दिवा लागतो, काही स्वतःच जुळवून घेतात. दिवा नसेल तर खिडकीतून मान बाहेर न काढता आरशात बघा किंवा उतरून बघा. मागची चाकं थोडी तिरकी असतानाच पद्धत बदलली तर ती तशीच तिरकी अडकून राहतात, मशीन सरळ चालवतानाही अंग चोरून चालतं, आणि कारण लवकर सापडत नाही.

चिखलात शिरताना

चारही चाकांना ताकद मिळत असली तरी चिखलात मशीन का अडकतं? कारण डिफरन्शियल. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, म्हणून डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण ते दोन्हींना पिळाचं बल सारखंच देतं. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की त्याला फिरवायला जेवढं थोडं बल लागतं, तेवढंच दुसऱ्या, कोरड्यावरच्या चाकाला मिळतं. तेवढ्याने मशीन हलत नाही. डिफरन्शियल लॉक केलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि कोरड्यावरचं चाक मशीन ओढून काढतं.

लॉक लावायची वेळ चिखलात शिरायच्या आधीची. चाकं सरळ, वेग अगदी कमी. चाक जोरात घसरत असताना लॉक लावला तर एक्सलला जबरदस्त झटका बसतो. बाहेर पडलात की लगेच काढा. कडक जमिनीवर लॉक लावून वळायला गेलात तर मशीन वळायचं नाकारतं, टायर फरफटतात आणि एक्सलवर ताण येतो. अडकलातच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक जितकं फिरेल तितकं स्वतःसाठी खोल खणेल.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मशीनला, म्हणजे जिथे इंजिनची ताकद तेलाच्या जोडणीतून गिअरकडे जाते, डाव्या पायाशी इंचिंग पेडल असतं. ते दाबलं की चाकांची ताकद कमी होते पण इंजिन जोरात फिरत राहतं, म्हणजे हायड्रॉलिकला भरपूर तेल मिळतं. माल उचलताना इंच इंच पुढे जायचं ते यानेच. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या, मशीनमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मशीन आपोआप मंदावतं. त्यावर पाय पटकन उचलायची सवय असेल तर मालाला हिसका बसेल, तेव्हा पाय हळूहळू सोडा.

डोलणारा एक्सल आणि चासी सरळ करणं

मला वाटतं, नव्या ऑपरेटरने सगळ्यात जास्त वेळ हे समजून घ्यायला द्यावा.

खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकून राहावीत म्हणून एक एक्सल, बहुधा मागचा, मधल्या खिळीवर डोलतो. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. ब्रेक, पकड, वळण सगळं टिकतं. पण याचा अर्थ असा की मागच्या बाजूला मशीन दोन चाकांवर नव्हे, एका खिळीवर टेकलेलं असतं. पुढची दोन चाकं आणि मागची ती खिळ, या तीन बिंदूंचा त्रिकोण काढा. मशीन आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जोवर या त्रिकोणाच्या आत आहे तोवर मशीन उभं राहतं. मागे चाकं रुंद दिसतात म्हणून आधारही रुंद असेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

आता बूम वर गेल्यावर काय होतं बघा. जमीन 3 अंशांनी एका बाजूला कललेली आहे, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी. माल 5 मीटर उंच नेला की तो सुमारे 26 सेंटीमीटर बाजूला जातो. हाच कल 10 टक्क्यांचा, म्हणजे दर 10 मीटरला 1 मीटर असेल, तर 5 मीटरवरचा माल अर्धा मीटर बाजूला गेलेला असतो. माल तोच, जमीन तीच, फक्त उंची बदलली.

म्हणून बऱ्याच टेलिहँडलरमध्ये चासी डावी-उजवी कलवून सरळ करायची सोय असते. अनेक मशीनमध्ये ती दोन्ही बाजूंना सुमारे 10 अंशांपर्यंत चालते. केबिनमध्ये काचेच्या वाकड्या नळीत बुडबुडा असतो, तो मध्यावर आला की चासी सरळ. क्रम असा: मालाजवळ किंवा जिथे माल चढवायचा तिथे मशीन थांबवा, ब्रेक लावा, माल जमिनीलगत आणि बूम आत घेतलेला ठेवा, बुडबुडा मध्यावर आणा, आणि मगच बूम वर न्या. वर नेल्यानंतर बुडबुडा सरकलेला दिसला तर तिथल्या तिथे चासी हलवू नका. वर असलेला माल चासीच्या छोट्याशा हालचालीनेही मोठा झोका घेतो. बूम आत घ्या, माल खाली आणा, पुन्हा सरळ करा, पुन्हा उचला. यात दोन मिनिटं जातात, ती जाऊ द्या. चासी सरळ करूनही बुडबुडा मध्यावर येत नसेल तर ती जागा बदला.

काही मशीनमध्ये बूम ठरावीक कोनाच्या वर गेला की मागचा एक्सल आपोआप जखडला जातो. मग त्रिकोणाच्या जागी चार चाकांचा रुंद आधार मिळतो. चांगली सोय आहे, पण जखडलेल्या एक्सलवर खडबडीत जमिनीवरून चालवलं तर एखादं चाक हवेत राहू शकतं. बूम वर असताना चालवायचंच नाही, हे त्याचं कारण.

चासी सरळ करायची सोय माल उचलण्यासाठी आहे. उताराला आडवं जाण्यासाठी तिचा भरवसा धरू नका.

चढ आणि उतार

माल नेहमी चढाच्या बाजूला. भरलेलं मशीन चढताना पुढे तोंड करून जातं आणि उतरताना मागे, म्हणजे रिव्हर्समध्ये. अमेरिकेच्या ओशा (कामाच्या जागेवरची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमावलीत 10 टक्क्यांहून जास्त उतारासाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण कच्च्या जमिनीवर मी ते प्रत्येक उताराला लागू धरतो. रिकामं असताना उलटं: फोर्क उताराच्या बाजूला, कारण रिकाम्या मशीनचं वजन मागे काउंटरवेटकडे असतं. उतारावर वळू नका, सरळ चढा, सपाटीवर पोहोचून वळा. गिअर न्यूट्रलला टाकून उतरू नका.

माल जागेवर बसवताना

टेलिहँडलरचा बूम बाहेर जातो तशी त्याची उचलण्याची ताकद झपाट्याने कमी होते. 1000 किलोचा माल पुढच्या एक्सलपासून 1 मीटरवर असताना मशीनला जितकं पुढे झुकवतो, त्याच्या तिप्पट 3 मीटरवर असताना झुकवतो. लोड चार्ट केबिनमध्ये लावलेला असतो तो यासाठीच. बूमवर आकडे किंवा अक्षरं असतात, ती चार्टवरच्या रेषांशी जुळवून वाचायला पहिल्या दिवशीच शिका.

यातून मशीन वळवण्याबद्दलही एक गोष्ट निघते. बूम लांब करून पोहोचण्यापेक्षा मशीन जवळ नेणं नेहमी बरं. जवळ नेता येत नाही म्हणून बूम लांबवला जातो, आणि जवळ नेता येत नाही कारण वाट आधी बघितलेली नसते. फोर्क डावी-उजवी सरकवायची सोय असेल तर शेवटचा बोटभर फरक तिनेच काढा, स्टिअरिंगने नाही. माल वर असताना स्टिअरिंग हललं की वरचं टोक खूप मोठा झोका घेतं.

चालताना माल खडबडीत जमिनीला न लागेल इतका खाली, फोर्क किंचित मागे कललेले. लोंबकळणारा माल असेल तर दोरी धरणारा माणूस मशीनच्या वाटेत कधीच नको.

एवढं सांभाळूनही मशीन कलंडायला लागलं तर उडी मारू नका. जे चिरडले जातात ते बहुतेकदा उडी मारणारे असतात, कारण मशीन त्यांच्यावरच येतं. सीटबेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि मशीन ज्या बाजूला पडतंय त्याच्या उलट बाजूला अंग झुकवा.

सराव

मोकळ्या, सपाट जागेवर फक्कीने मशीनच्या रुंदीपेक्षा दोन हात जास्त रुंद अशी वाट आखा, तिला एक काटकोनी वळण द्या. रिकाम्या मशीनने आधी दोन चाकांवर, मग चार चाकांवर ती पार करा आणि प्रत्येक वेळी उतरून बघा, फक्की कुठे पुसली गेली. आतल्या रेषेवर की बाहेरच्या? पुसलेली जागा तुमचं कुठलं चाक चुकलं हे अचूक सांगते.

त्यानंतर पॅलेटवर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवा, माल जमिनीलगत ठेवून तीच वाट फिरा. पाणी सांडलं तर ते ब्रेकवर सांडलं, वळणावर सांडलं की पाय उचलताना सांडलं, हे लक्षात ठेवा आणि पुन्हा करा. शेवटी भिंतीऐवजी रिकामे पिंप एका रेषेत मांडा, त्यांना लागून मशीन उभं करा आणि खेकड्याच्या चालीने एकही पिंप न हलवता बाहेर काढा. खडबडीत जमीन आणि उतार यानंतरचे, तेही अनुभवी माणूस शेजारी उभा असताना.

दिवस संपला की मशीन सपाटीवर लावा, चारही चाकं सरळ करा, दोन चाकांच्या पद्धतीवर आणा, डिफरन्शियल लॉक काढा, चासी सरळ करा, फोर्क जमिनीवर टेकवा, ब्रेक लावा आणि किल्ली काढून घ्या. सकाळी दुसरा कुणी चढला तर मशीन कुठल्या अवस्थेत आहे, याचा अंदाज त्याला बांधावा लागू नये.